फोन आडवा धरा

तुम्हीच तिला भिंत दाखवलीत. लातुरात पंख्याखाली बसून, चहाचा कप कॅमेऱ्याच्या बाहेर सरकवून, माझ्या पोरीला डोकं आपटायला तुम्ही शिकवलंत, आणि आज त्याच डोक्याचं कौतुक करायला निघालात.

एवढं वाक्य सालेहा सकाळपासून तोंडातल्या तोंडात शिवत होती आणि उसवत होती. म्हणायचं कुणाला, हीच पंचाईत. लातूरच्या उपचार केंद्रातल्या श्रीपाद सरांना म्हणावं तर ते म्हणणार, ताई, मी काय करू, वरून मागितलंय. लॉकडाऊन लागल्यापासून तिनं हे 'वरून' ऐकलं होतं. वरून व्हिडिओ मागितलाय. वरून सांगितलंय, मुलीशी फक्त मराठीत बोला. वरून आलंय, दर आठवड्याला क्लिप पाहिजेच. हे 'वर' म्हणजे कोण, त्याला डोळे आहेत का नुसतं मागायला तोंड, ते लातूरच्या कुठल्या मजल्यावर बसतं, का त्याच्याही डोक्यावर आणखी एक वर आहे, हे तिला कधी कळलं नाही. तिच्या मनात त्याचा एक इस्त्रीचा पांढरा शर्ट झाला होता, गळ्याच्या वर काहीच नसलेला. दुकानात हँगरला लटकतो तसा. आज दुपारी तो शर्ट पडद्यावर येणार होता. केंद्राचा कार्यक्रम होता, ऑनलाइन. महामारीत घरबसल्या सुधारलेली मुलं दाखवायची होती. नांदेडमधून तिच्या पोरीचं, जिक्राचं नाव होतं. आणि कार्यक्रम झाला की केंद्र नांदेडात खरोखरीचा वर्ग उघडणार होतं. भिंती असलेला, झोका असलेला, हाडामांसाच्या बाई असलेला वर्ग. त्यात जागा मोजक्याच. ज्यांची मुलं आज पडद्यावर शांत बसतील त्यांचा विचार आधी, असं श्रीपाद सर म्हणाले होते. म्हणजे तसं ते म्हणाले नव्हते. ते म्हणाले, ताई, वरून तसं वातावरण आहे.

शांत बसायचं. जिक्रा शांतच बसलेली होती. आत्ताही ती शिलाई मशीनच्या फळीखाली, आपल्या जागेवर, चिंध्यांच्या ढिगात बसून खाकी कापडाच्या एका पट्टीचे दोरे ओढत होती. एक दोरा निघाला की तो ओठांवरून फिरवायचा, मग बाजूला ठेवायचा. नऊ वर्षांची पोर, बोलत नाही, पण दोऱ्याला दोरा लावून अशी रांग करते की तिच्या बापाच्या, अकरमच्या हातालाही तेवढी सरळ रेघ येत नाही. कुणी फोन वर केला नाही तर ती संध्याकाळपर्यंत अशीच बसेल. फोन वर केला नाही तर.

ते कळलं मागच्या आठवड्यात, आणि कळलं तेही एका फ्रॉकच्या पायी. अकरमच्या बहिणीची पोरगी तूबा हदगावहून आली होती. कॉलेजात जाणारी, हातातून फोन न सुटणारी, पण मनानं साधी. तिनं जिक्रासाठी पिवळा फ्रॉक आणला. जिक्रानं तो घालून घेतला, हेच मोठं. घालून ती दाराच्या उंबऱ्यात बसली आणि फ्रॉकच्या झालरीवर बोट फिरवत राहिली. ऊन तिच्या अर्ध्या तोंडावर. 'मामी, कित्ती प्यारी दिखरी,' तूबा म्हणाली आणि तिनं फोन वर केला. फोटो काढायला, दुसरं काही नाही. जिक्रानं मान वर केली. फोन पाहिला. मग ती उठली, रडत नाही, चिडत नाही, जसं शाळेत नाव पुकारल्यावर पोरगं उठतं तशी उठली, भिंतीपाशी गेली, आणि कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा. मग मागं वळून फोनकडे बघत उभी राहिली. फोटोवाल्यानं हस म्हटल्यावर पोरं हसून थांबतात तशी थांबली. झालं का, असं विचारल्यासारखी. तूबाच्या हातातून फोन खाली पडला. सालेहा पळाली नाही. तिचे पाय पळायचं विसरले होते, आणि तिचा उजवा हात, तिच्या नकळत, फोन शोधायला ओट्याकडे गेला होता.

तो हात सालेहाला त्या दिवसापासून परका वाटत होता. पीठ मळताना ती त्याच्याकडे बघायची. हा कुणाचा हात आहे. हा माझ्या आईच्या हातासारखा आहे, देगलूरच्या घरी भाकरी थापणारा, बोटं आखूड, अंगठा रुंद. पण याला जे येतं ते आईच्या हाताला येत नव्हतं. याला हलायचं नाही हे येतं. पोर समोर डोकं फोडून घेत असली तरी हलायचं नाही. हे शिक्षण त्याला लातूरहून आलं.

त्याआधी जिक्राचं एक नांदेडातलंच आयुष्य होतं, आणि ते वाईट नव्हतं. देगलूर नाक्याकडे, पुढं दुकान, मागं घर. अकरम शाळेच्या गणवेशांचा टेलर. जूनच्या तोंडावर दुकानात खाकी आणि निळ्या कापडाचे डोंगर, आणि मोटारीची मशीन दिवसभर घरघरायची. जिक्रा रांगायला लागल्यापासून त्या मशीनच्या फळीखाली जायची आणि फळीच्या लाकडाला कपाळ टेकून बसायची. ती घरघर तिच्या डोक्यात शिरायची, दातांत, मणक्यात, आणि तिचे हात सुटे व्हायचे. शनिवारी सालेहा तिला एका बाईंकडे न्यायची, तिथं झोका होता. एवढ्यावर ते घर चाललं होतं. मग एका रात्रीत सगळं बंद झालं. शाळाच नाहीत तर गणवेश कुणाला. दुकानाचं शटर खाली आलं, मशीन गप्प झाली, झोक्याच्या बाई फोन उचलेनात. जिक्रा फळीखाली जाऊन कपाळ टेकवायची आणि वाट बघायची. लाकूड गप्प. ती बाहेर येऊन अकरमच्या हाताला धरून ओढायची. पहिल्या दिवशी अकरमला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तर त्यानं सुई काढून टाकली, दोरा काढला, आणि रिकामी मशीन चालवत बसला. कापड नाही, काम नाही, बाहेर पोलिसांची शिट्टी, आणि आत एक टेलर नुसतीच हवा शिवतोय, त्याची पोर खाली डोकं टेकून डोळे मिटून बसलीय. सालेहाला आठवतं, तिला तेव्हा हसू आलं होतं. 'किसका ड्रेस सिरे जी?' तिनं विचारलं. 'अल्ला मियां का,' अकरम म्हणाला, 'नाप नक्को पूछ.'

मधल्या वेळात, लाइट गेली की मशीन थांबायची, तेव्हा जिक्रा तळहातानं कपाळावर मारून घ्यायची. तळहातानं. चट्, चट्, डास मारल्यासारखं. तेवढंच होतं तेव्हा. त्याच्यावर इलाज म्हणून लातूर आलं.

श्रीपाद सरांचा पहिला फोन आला तेव्हा सालेहा रडली होती, हे आठवून तिला आता थुंकावंसं वाटे. आवाज कसा, तूप लावल्यासारखा. ताई, काळजी करू नका. ताई, तुम्ही एकट्या नाही. ताई, आपण टीम आहोत. टीममध्ये एक बाजू रुमालानं घाम पुसत पोरीला धरतेय आणि दुसरी बाजू हेडफोन लावून मान हलवतेय, ही टीम. तिनं मोठ्या आनंदानं त्यांना रिकाम्या मशीनचं सांगितलं. तिला वाटलं, सर म्हणतील, शाब्बास, बापाला सुचलं. सरांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, 'ताई, हे थांबवावं लागेल. ही तिची स्वतःला उत्तेजित करायची सवय आहे. आपणच खतपाणी घालतोय.'

'पण सर, गप बसायलीय ती त्यानं.'

'गप बसणं म्हणजे सुधारणा नव्हे, ताई.'

हेच सर आज सांगत होते की पडद्यावर ती फक्त गप बसली पाहिजे.

त्या दिवशी अकरमनं मशीनवर चादर टाकली. मयतावर टाकतात तशी चारी टोकं नीट ओढून. शिकलेल्या माणसाच्या पुढं तो नेहमीच मान खाली घालायचा. शाळेच्या हेडमास्तरांची मापं घेता घेता त्याच्या मानेला ती सवयच लागली होती. चादर पडली आणि जिक्राचा तळहात कमी पडायला लागला. ती भिंतीकडे सरकली. आणि मग दुसरा धडा आला.

'दुर्लक्ष करायचं,' सर म्हणाले. 'डोकं आपटलं की तुम्ही धावता, तेच तिला हवंय. अजिबात जवळ जायचं नाही. बोलायचं नाही. मात्र रेकॉर्ड करायचं.'

'म्हंजे बघायचं का न्हाई बघायचं, सर?'

'बघायचं ताई. पण फोनमधून.'

ती हसली नाही, कारण ते थट्टा करत नव्हते. फोन आडवा धरा. उजेड तुमच्या पाठीमागून येऊ द्या. पोरीचा चेहरा चौकटीच्या मध्ये पाहिजे. हात हलू देऊ नका, वर बसलेल्यांना अभ्यास करायचाय. पहिल्या दिवशी तिनं सगळं चुकवलं. हात थरथरला, मध्येच ती धावली, फोन जमिनीवर पडला आणि त्यात नुसतं छत आणि रडणं आलं. सर म्हणाले, याचा उपयोग नाही, परत पाठवा. परत. म्हणजे पोरीनं परत आपटून घ्यावं. हे त्यांनी म्हटलं नाही. ते कधीच काही म्हणत नसत, ते फक्त मागत.

आणि सालेहा शिकली. इथंच तिचं मन दर वेळी येऊन अडकायचं, खिळ्याला ओढणी अडकावी तसं. ती शिकली. कोपर पोटाला टेकवलं की हात हलत नाही, हे तिचं तिनं शोधून काढलं. दुपारी खिडकीच्या बाजूला उभं राहिलं की तोंडावर सावली येत नाही, हेही. जिक्रा भिंतीपाशी गेली की सालेहा हातातलं काम टाकायची, पोळी तव्यावर करपू द्यायची, आणि समोर येऊन उभी राहायची, फोन दोन्ही हातांत, आडवा. पूर्ण लक्ष. दिवसभरात जिच्याकडे कुणी धड बघत नव्हतं, आई चुलीपाशी, बाप छताकडे बघत पडलेला, मशीन चादरीखाली, त्या पोरीनं एक डोकं आपटलं की आई सगळं सोडून तिच्या समोर. अगदी समोर. नजर न हलवता. पोरीला काय कळणार की आई फोनमधून बघतेय. तिला एवढंच कळलं की हे केलं की आई येते आणि थांबते. आणि मग कधीतरी उलटंही कळलं: आई फोन उचलून उभी राहिली म्हणजे हे करायचं असतं. दोघींच्या हातात एकच काम आलं होतं. दुर्लक्ष करा म्हणणाऱ्यांनी हे बघितलं नाही. एवढ्या क्लिपा बघितल्या, थांबवून, मागं नेऊन बघितल्या असतील, पण त्यांत पोर कुठं बघतेय ते नाही बघितलं. ती भिंतीकडे बघत नव्हती. ती फोनकडे बघत होती. प्रत्येक क्लिपमध्ये. दर वेळी सरळ लातूरच्या डोळ्यांत.

एकदा सर म्हणाले, 'ताई, खरं सांगू, तुमचे व्हिडिओ सगळ्यांत क्लिअर असतात. वर सुद्धा कौतुक झालं.' आणि तिला बरं वाटलं. शेजारच्या शरणम्माला तिनं सांगितलंही, लातूरचे साहेब म्हणाले, असे व्हिडिओ कुणाचेच नाहीत. शरणम्मा कट्ट्यावर शेंगा फोडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, 'कशाचं व्हिडिओ गं?' सालेहा सांगायला गेली आणि तिच्या तोंडात ते वाक्य आलंच नाही.

आणखी एक आठवण होती. ती सालेहानं इतके दिवस कुठंच ठेवली नव्हती, नुसती बाजूला सारली होती. मागच्या आठवड्यात, तूबाचा फोन पडला त्याच क्षणी, ती आपोआप पुढं आली. लॉकडाऊनमधलाच एक दिवस. सर व्हिडिओवर समजावत होते, पाठीमागं पुस्तकांचं कपाट, त्यावर गणपती. सांगत होते की आईचं मन कठीण करावं लागतं. तेवढ्यात आतून धप् असं काहीतरी पडलं, आणि एक लहान पोर कळवळून रडलं. सरांनी फोन टाकला. ठेवला नाही, टाकला. पडद्यावर पंखा आला, फिरणारा, एका पात्यावर कोळिष्टक असलेला. आणि लांबून त्यांचा आवाज, त्याच्यावर तूप नव्हतं, फाटलेला, घाबरलेला माणसाचा आवाज: 'इरू, ए इरू, बघू, कुठं लागलं, ये माझ्याकडं, ये ये, काही नाही झालं, मी आहे ना.' किती तरी वेळ. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, हुंदके गप्प झाले. सालेहा पंख्याकडे बघत बसली होती. तिला तेव्हा नुसती काळजी वाटली, कुणाची का असेना, लेकरू आहे. मग सर परत आले, केस विस्कटलेले, खांद्यावर लाळेचा ओला डाग. 'सॉरी ताई. मुलगी खुर्चीवरून पडली. हां, तर आपण कुठं होतो? दुर्लक्ष.'

फ्रॉकच्या दिवशी तिनं सरांना फोन केला. सगळं सांगितलं. फोन दिसला की पोर उठते, सर, आपटते आणि वाट बघते. तिला वाटलं, आता हा माणूस काहीतरी म्हणेल. चुकलं म्हणेल, निदान अरे देवा म्हणेल. सर म्हणाले, 'ताई, हे फार इंटरेस्टिंग आहे. याची एक क्लिप काढून पाठवता का?'

सालेहानं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. किड्याकडे बघावं तसं. तो आवाज त्यातून येतच होता.

आता दुपार झाली. दुकान अर्धं उघडं. शाळा पुन्हा सुरू झाल्या होत्या, गणवेश आले होते, मात्र मशीन चालायची ती जिक्राला शरणम्माकडे बसवून. सरांचं अजूनही तेच म्हणणं होतं. सकाळी त्यांनी परत फोन केला होता. सालेहानं सांगितलं, फोन दाखवला की ती आपटणार. सर म्हणाले, 'झोपलेली असली तरी चालेल ताई. शांत दिसली म्हणजे झालं.' अकरमनं ते ऐकलं होतं.

'सोयी हुई दिखा दे ना,' तो दाराशी येऊन म्हणाला. गळ्यात टेप. 'दो मिनट का काम है. सीट तो मिलती.'

'हौ. और किलास में बी सोयी हुईच भेजूं क्या?'

'तू लडती कायकू सबसे? वो लोगां नाराज हुए तो कां लेके जाएंगे इसकू? और कोई जगा है क्या नांदेड में?'

तो खरं बोलत होता आणि त्याचे डोळे ओले होते, म्हणून तिला त्याच्यावर चिडता येईना. दुसरी जागा नव्हती. झोक्याच्या बाई गाव सोडून गेल्या होत्या. ही जागा गेली तर जिक्रा या चिंध्यांत मोठी होणार, आणि आपण म्हातारे झालो की तिला कोण बघणार, हा प्रश्न त्या खोलीत कायम बसलेला असायचा, पाहुण्यासारखा, चहा न पिता. एक झोपलेलं पोरगं दाखवायचं. हात हलू द्यायचा नाही. हात तयारच होता.

फोन वाजला. चौकटीच चौकटी. उदगीर, अहमदपूर, कुठली कुठली घरं, प्रत्येक घरात ठेवणीतले कपडे घातलेलं एक लेकरू आणि त्याच्या मागं श्वास धरून बसलेली एक आई. एका चौकटीत श्रीपाद सर, भांग पाडलेला. आणि मध्ये, सगळ्यांत मोठा, तो पांढरा शर्ट. त्याला तोंड निघालं. साधंच, गोल, जेवण झालेलं तोंड. महामारीच्या अंधारात आपण दिवा लावला, असं ते म्हणत होतं. सालेहानं नीट पाहिलं. याच्यासाठी मी कोपर पोटाला टेकवत होते. हे बघत होतं माझ्या पोरीला, जांभया देत.

तिनं अकरमकडे पाहिलं. 'मशीन चालू करो,' ती म्हणाली.

'अबी?'

'सुई निकालके. खाली.'

मग त्याची खाली जायची सवय असलेली मान वर आली, आणि त्यानं स्टूल ओढलं. घरघर सुरू झाली. चिंध्यांत हालचाल झाली. जिक्रानं पट्टी टाकली, सरकत पुढं आली आणि कपाळ फळीला टेकवलं. तिचे खांदे खाली आले. सालेहा तिच्याशेजारी खाली बसली, तिला मांडीशी ओढलं आणि दुसऱ्या हातानं फोन फळीवर पालथा घातला.

'आता नांदेडची आपली जिक्रा,' फोनमधून सर म्हणाले. 'ताई, कॅमेरा? काळं दिसतंय.'

'काळंच दिसणार, सर.'

'आणि मागं कसला आवाज येतोय, तो जरा बंद करता का?'

'न्हाई करत.' तिचा आवाज तिलाच नवा वाटला, मशीनवरून चढलेला. 'साहेबाला ऐकू द्या. ह्या आवाजानं माझी पोर गप बसती. तो तुमी बंद केला. तळहातानं मारून घेत व्हती, तिला तुमी भिंतीपात्तुर नेलं. आता फोन दिसला की डोकं आपटती ती, तुमाला क्लिप पाहिजे म्हणून. झोपलेली दाखवा म्हणता. दाखवायची न्हाई. जागा द्या का नका देऊ, ते मागून बघू. मला एकच विचारायचंय.'

'ताई, हे आपण नंतर, वैयक्तिक...'

'श्रीपाद सर, तुमची इरू खुर्चीवरून पडली तवा तुमी फोन टाकून पळालात. मी बघितलंय, तुमचा पंखा बघितलाय. कुणी शिकवलं व्हतं तुमाला? कुणीच न्हाई. येत व्हतं. तुमाला येत व्हतं, तुमच्या साहेबालाबी येत असंल. मग एवढ्या दिवसांत एकदा तरी मला का न्हाई म्हणालात, ताई, फोन टाका अन् पोरीला उचला?'

कुठल्या तरी घरातलं लेकरू हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग शर्टाचा आवाज आला, हलक्यानं, बाजूच्या कुणाला तरी विचारावं तसा: 'कोण आहेत या?' आणि सरांचा, घाईनं: 'ताई, तुमचा आवाज तुटतोय.'

जिक्रानं डोळे मिटले होते. फळीची थरथर तिच्या कपाळातून सालेहाच्या मांडीत उतरत होती. सालेहाचा उजवा हात पोरीच्या डोक्यावर होता, आणि तो हलत होता.

'तुटत न्हाई,' ती म्हणाली. 'मशीनचा येतोय तर माझाबी येतोय. मी बसलेय हितं. सांगा, का न्हाई म्हणालात?'